बुद्धिबळाचं पहिलं पुस्तक मास्तरांनी लिहावं

नाशिक जिल्ह्यात एखाद्या मुलाला बुद्धिबळ शिकायचं असेल तर ते कुठे राहतं यावर सगळं ठरतं. कॉलेज रोड, गंगापूर रोड, इंदिरानगर या भागांत राहत असेल तर जवळपास क्लास मिळतो, शिकवणारे सर मिळतात, सुट्टीत शिबिरं होतात, अधूनमधून एखादी स्पर्धाही असते. तेच मूल पेठ किंवा सुरगाणा तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत असेल तर कपाटात एखादा पट सापडतो, बत्तीसपैकी एक-दोन मोहरी हरवलेली असतात, आणि गुरुजींना जेवढा खेळ येतो तेवढाच पोरांना येतो. या दुसऱ्या मुलासाठी मराठीत एक पाठ्यपुस्तक हवं. ऑनलाइन, मोफत, कोणालाही छापून घेता येईल आणि चूक दिसली तर दुरुस्त करता येईल असं. ते स्वयंसेवकांनी मिळून लिहावं आणि त्याची सुरुवात नाशिकने करावी, असं माझं ठाम मत आहे.

नाशिकनेच का, याचं कारण सगळ्यांना ठाऊक आहे. विदित गुजराथी याच शहरातला. २०१३ मध्ये तो ग्रँडमास्टर झाला, २०२३ मध्ये आइल ऑफ मॅनला ग्रँड स्विस स्पर्धा जिंकला, २०२४ मध्ये टोरंटोला जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी कँडिडेट्स स्पर्धा खेळला आणि त्याच वर्षी बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात होता. त्याच्या पुढच्या वर्षी नागपूरच्या दिव्या देशमुखने बटुमीला महिला विश्वचषक जिंकला आणि त्याबरोबर ग्रँडमास्टर किताबही मिळवला. महाराष्ट्राला हे यश नवं नाही. १९७४ ची पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनी जिंकली आणि पुढची जवळपास दहा वर्षं त्या आणि त्यांच्या बहिणी जयश्री व रोहिणी यांनीच ही स्पर्धा गाजवली. एवढी परंपरा असलेल्या प्रदेशात तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचते ती फक्त जिंकल्याची बातमी. खेळ कसा शिकायचा हे त्या बातमीसोबत जात नाही.

पुस्तकाचा विषय काढला की पहिली शंका हमखास येते: हे काम जाणकारांचं आहे, हौशी लोकांनी त्यात पडू नये. वीस वर्षांपूर्वी मीही ही शंका रास्त मानली असती. बुद्धिबळाच्या पुस्तकात चुकीची खेळी छापली गेली तर शिकणाऱ्याचं नुकसान होतं, आणि खेळी बरोबर की चूक हे सांगायला तेव्हा तगडा खेळाडूच लागायचा. आता तशी स्थिती नाही. स्टॉकफिश हे इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा संगणक प्रोग्रॅम, २००८ पासून मोफत उपलब्ध आहे, ते साध्या मोबाईलवर चालतं आणि जगज्जेत्यालाही त्याच्यापुढे टिकाव धरता येत नाही. पटावर दोन्ही राजे धरून सात किंवा त्याहून कमी मोहरी उरली असतील तर अशा प्रत्येक स्थितीचा अंतिम निकाल संगणकाने काढून ठेवला आहे. २०१८ मध्ये हे काम सात मोहऱ्यांपर्यंत पूर्ण झालं आणि ती कोष्टकं कोणालाही पाहता येतात. म्हणजे पुस्तकातल्या खेळीची सत्यता आज दहावीतली मुलगीही पाच मिनिटांत तपासू शकते.

इंजिन एक गोष्ट मात्र कधीच सांगत नाही. नऊ वर्षांचं मूल या पानावर कुठे अडेल, त्याला आधी काय सांगावं, कोणती गोष्ट दोनदा सांगावी, हे त्याला ठाऊक नसतं. ग्रँडमास्टरलाही ते सहसा ठाऊक नसतं, कारण तो पाच-सहा वर्षांचा असताना हे सगळं शिकला आणि न येण्याचे दिवस त्याला आठवत नाहीत. ते ठाऊक असतं चौथीच्या वर्गावर आयुष्य काढलेल्या बाईंना, घरी लेकीला खेळ शिकवता शिकवता तिचे प्रश्न ऐकणाऱ्या बापाला, गेल्याच वर्षी खेळ शिकलेल्या सातवीच्या मुलाला. म्हणून नवशिक्याच्या पुस्तकासाठी स्वयंसेवक चालवून घ्यायचे, असं मी म्हणत नाही. या कामाला तेच सर्वांत लायक आहेत, असं म्हणतो.

मिळून काम करून एवढी मोठी गोष्ट उभी राहते का, असं विचारणाऱ्यांनी बुद्धिबळाकडेच पाहावं. स्टॉकफिश कोणा एका कंपनीची मालमत्ता नाही. त्याचा कोड खुला आहे, त्यात जगभरचे लोक सुधारणा सुचवतात, आणि ती सुधारणा खरंच खेळ सुधारते का हे तपासायला हजारो डाव खेळवावे लागतात. त्यासाठी स्वयंसेवक आपल्या घरचे संगणक वापरायला देतात. लिचेस हे ऑनलाइन बुद्धिबळ खेळण्याचं संकेतस्थळ २०१० मध्ये एका फ्रेंच प्रोग्रॅमरने सुरू केलं. तिथे आजही जाहिरात नाही, वर्गणी नाही, सगळं देणग्यांवर चालतं, आणि त्याचं मराठी रूपही स्वयंसेवकांनीच केलेलं आहे. २००३ मध्ये सुरू झालेल्या विकिबुक्स या खुल्या पुस्तकांच्या संकेतस्थळावर इंग्रजीत बुद्धिबळाचं पाठ्यपुस्तक अशाच लोकांनी लिहिलं. लिचेसवर डावाचं विश्लेषण करताना सुरुवातीच्या खेळ्यांच्या शेजारी जी माहिती दिसते ती याच विकिबुक्सवरून येते. एका ठिकाणच्या लोकांनी लिहून ठेवलं, दुसऱ्या ठिकाणच्या लोकांनी ते पटाशेजारी नेऊन ठेवलं. परवाना खुला असल्यामुळे कोणाला कोणाची परवानगी मागावी लागली नाही. मराठी विकिबुक्सचं दालनही उघडं आहे आणि तिथे लिहायला भरपूर जागा शिल्लक आहे.

इंग्रजीतल्या त्या कामातून आपण एक धडा मात्र घ्यायला हवा, आणि तो घेतला नाही तर आपलं पुस्तक फसेल अशी मला खरीच भीती वाटते. तिथे ओपनिंगचा, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या खेळ्यांचा, भाग अफाट वाढला आहे. त्याची रचनाच तशी आहे: प्रत्येक खेळीनंतरच्या स्थितीला एक पान. पांढऱ्याच्या पहिल्या खेळीचं पान, त्यावर काळ्याच्या उत्तराचं पान, त्यावर पुन्हा पांढऱ्याच्या उत्तराचं. झाड वाढतच जातं. त्यात एक अडचण उपजतच आहे. पांढऱ्याने आधी वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं आणि मग त्याच्या शेजारचं उंटापुढचं, किंवा आधी उंटापुढचं आणि मग वजिरापुढचं, तर मधल्या उत्तरांत फरक नसेल तेव्हा स्थिती एकच तयार होते. पण वाटा दोन असल्यामुळे पानं दोन होऊ शकतात, लिहिणारे दोन असू शकतात आणि सल्लेही दोन. ती जुळवत बसणं हे मोठं कष्टाचं काम आहे.

ओपनिंगकडे सगळे का धावतात हे समजण्यासारखं आहे. प्रत्येक क्लब खेळाडूची एक आवडती ओपनिंग असते, तिच्यावर त्याने रात्री जागवलेल्या असतात, आणि ती दुसऱ्याला सांगावीशी वाटणं यात गैर काही नाही. लग्नघरात पंगतीला वाढायला सगळे पुढे येतात आणि भांड्यांपाशी कोणी जात नाही, तसं इथे होतं. पेठच्या मुलाला मात्र सिसिलियन बचावाच्या बाराव्या खेळीशी काही देणंघेणं नाही. त्याचे डाव फुकट दिलेल्या मोहऱ्यांवर हरतात. घोडा मारला जातोय हे त्याला दिसत नाही, एका खेळीत होणारी मात दिसत नाही, हातात अख्खा वजीर जास्त असताना तो समोरच्या राजाला कोंडून डाव बरोबरीत सोडवून बसतो. त्याला हवी आहेत ती प्रकरणं लिहायला कंटाळवाणी वाटतात. पुस्तक पुस्तक होतं ते त्या प्रकरणांनीच.

अशा एका पानाचं उदाहरण इथे नीट मांडतो, कारण सगळा वाद शेवटी पानावर येऊन थांबतो. पटावर तीनच मोहरी आहेत. घराच्या नावात अक्षर उभ्या पट्टीचं आणि आकडा आडव्या ओळीचा. पांढरा राजा ई ५ वर, त्याचं प्यादं त्याच्या मागे ई ४ वर, काळा राजा ई ७ वर. दोन राजे समोरासमोर, मध्ये एक घर मोकळं. आता खेळी पांढऱ्याची असेल तर डाव बरोबरीत सुटतो. खेळी काळ्याची असेल तर पांढरा जिंकतो. मोहरी तीच, घरं तीच, फक्त पाळी कोणाची यावर निकाल फिरतो.

जाणकार हे पान दोन ओळींत संपवतो: समोरासमोर राजे असताना ज्याला हलावं लागतं त्याचं नुकसान होतं, पुढचं प्रकरण. मुलाचं डोकं इथेच अडतं. त्याने आतापर्यंत शिकलेली प्रत्येक गोष्ट त्याला सांगते की खेळी मिळणं फायद्याचं असतं, आणि हे पान सांगतं की इथे खेळी मिळाली म्हणून तू हरलास. त्याला ते पटत नाही, आणि पटू नये हेच बरोबर आहे. चांगली शिक्षिका मग त्याला काळ्याच्या बाजूने बसवते आणि खेळ म्हणते. काळा राजा डी ७ वर गेला की ती पांढरा राजा दुसऱ्या बाजूने एफ ६ वर आत सरकवते आणि मुलाला दिसतं की आपण दाराशी उभे होतो, बाजूला झालो आणि पाहुणा आत आला. मग ती पाळी बदलते. आता पांढरा राजा डी ५ वर गेला तर काळा डी ७ वर, पांढरा एफ ५ वर गेला तर काळा एफ ७ वर. पाच-सात वेळा खेळल्यावर मूल स्वतःच म्हणतं, त्याच्यासमोर उभं राहायचं. त्यानंतर त्याला सांगायचं की प्यादं पटाच्या अगदी कडेच्या पट्टीत असेल तर हा हिशेब बदलतो. काळा राजा कोपऱ्यात पोहोचला की पांढऱ्याला जिंकता येत नाही. पहिल्याच पानावर हे सांगितलं तर आधीचंही विस्कटतं. हा क्रम कोणत्याही इंजिनात सापडत नाही. तो शिकवणाऱ्यांच्या डोक्यात आहे आणि त्या निवृत्त झाल्या की त्यांच्याबरोबर जातो.

इंग्रजी पुस्तक तसंच्या तसं मराठीत आणावं, म्हणजे वेळ वाचेल, असंही सुचवलं जातं. त्याला माझा विरोध आहे आणि त्याचं कारण आपल्या घरांत आहे. आपल्याकडे बहुतेक मुलं खेळ आजोबांकडून किंवा काकांकडून शिकतात, आणि आजोबा देशी पद्धतीचे नियम घेऊन येतात. देशी खेळात प्यादं पहिल्या खेळीला दोन घरं जात नाही. शह बसलेला नसेल तर राजाला डावात एकदा घोड्याची उडी मारता येते. प्यादं शेवटच्या पट्टीत पोहोचलं की ते ज्या घरात पोहोचलं तिथल्या मोहऱ्याचं रूप घेतं. हत्तीच्या घरात पोहोचलं तर हत्ती, घोड्याच्या घरात पोहोचलं तर घोडा. काही कुटुंबांत डावाच्या सुरुवातीला एकाच वेळी दोन प्यादी एकेक घर चालवतात. यातला एकही नियम मूर्खपणाचा नाही. ती आपली स्वतंत्र आणि जुनी परंपरा आहे. पण हे शिकलेलं मूल स्पर्धेला जातं, आठव्या घरात प्यादं नेऊन आनंदाने हत्ती मागतं, आणि वजीर घेता आला असता हे त्याला डाव हरल्यावर कळतं. दिंडोरीच्या एका शाळेतल्या मुलाला मी हे करताना पाहिलं आहे. त्याचा चेहरा पडला तो हरल्यामुळे कमी आणि आजोबांनी चुकीचं शिकवलं असं कोणीतरी बोललं म्हणून जास्त.

लंडन किंवा न्यूयॉर्कमध्ये लिहिलेल्या पुस्तकाला हा मुलगा माहीत असण्याचं कारण नाही. आपल्या पुस्तकात मात्र त्याच्यासाठी पहिलंच प्रकरण हवं: घरचे नियम आणि स्पर्धेचे नियम. त्यात आजोबांचा मान राखून सांगायचं की ते शिकवतात तो आपला जुना खेळ आहे, आणि स्पर्धेत खेळतात तो हा. त्यातच आपल्याकडे घट्ट बसलेली एक गैरसमजूतही काढायची. एकदा शह बसला की पुढे किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवणं) करता येत नाही, असं नाशिकच्या पारावर आणि सोसायट्यांच्या कट्ट्यावर सर्रास सांगतात. नियम तसा नाही. शह असतानाच्या खेळीला किल्लेकोट करता येत नाही, एवढंच. राजा न हलवता शह मोडला तर पुढे तो करता येतो.

नियमांबद्दल आणखी एक गोष्ट. फिडे, म्हणजे १९२४ मध्ये पॅरिसला स्थापन झालेला जागतिक बुद्धिबळ महासंघ, अधूनमधून नियम बदलत असतो. २०१४ पासून पंचाहत्तर खेळ्यांत एकही मोहरं मारलं गेलं नाही आणि एकही प्यादं हललं नाही तर कोणी मागणी न करताही डाव बरोबरीत संपतो, मात झाली असेल तर गोष्ट वेगळी. खेळी एकाच हाताने करायची असते, आणि २०१८ पासून दोन हातांनी किल्लेकोट करून घड्याळ दाबलं तर ती नियमबाह्य खेळी धरतात. किल्लेकोट करताना आधी राजाला हात लावायचा. आधी मुद्दाम हत्तीला हात लावला तर त्या बाजूचा किल्लेकोट त्या खेळीला गेला. लहान मुलं दोन्ही हातांनी राजा आणि हत्ती उचलतात, कारण घरी तसंच करतात. जुन्या छापील पुस्तकात हे बदल कसे येणार? मराठीत चांगली छापील पुस्तकं झाली आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण पुढची आवृत्ती निघेपर्यंत पुस्तक गोठलेलं राहतं. ऑनलाइन पानावर ही दुरुस्ती त्याच संध्याकाळी होते.

कोणीही येऊन काहीही लिहील, ही भीती लोक सर्वांत जास्त बोलून दाखवतात आणि मला ती सर्वांत कमी वाटते. वाह्यात मजकूर लगेच दिसतो आणि एका बटणाने काढता येतो. खरी अडचण प्रामाणिक माणसांच्या मतभेदांची असते. तिथे मतदान घेऊन चालत नाही. १९९९ मध्ये जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह एका बाजूला आणि इंटरनेटवरचं सगळं जग दुसऱ्या बाजूला असा डाव झाला. जगाच्या बाजूने पंचाहत्तरहून अधिक देशांतल्या पन्नास हजारांहून अधिक लोकांनी भाग घेतला, प्रत्येक खेळीवर मतदान व्हायचं. डाव जूनमध्ये सुरू झाला तो ऑक्टोबरमध्ये बासष्टाव्या खेळीला संपला आणि कास्पारोव्ह जिंकला. पण जग इतका वेळ टिकलं कसं? चार तरुण सल्लागार नेमले होते. त्यांतली पंधरा वर्षांची इरिना क्रश इतरांचं विश्लेषण वाचायची, एकत्र करायची, आपली शिफारस कारणांसकट मांडायची, आणि लोक बहुतेक वेळा तिच्या मागे गेले. पन्नास हजार मतांना वळण लावायला वाचणारी, निवडणारी आणि कारण देणारी एक व्यक्ती लागली. आपल्या पुस्तकातही प्रत्येक प्रकरणाला असा एक पालक हवा. लिहितील सगळे, सुचवतील सगळे, पण काय ठेवायचं आणि काय काढायचं हे पालक ठरवील आणि का ठरवलं ते पानामागच्या चर्चेत लिहून ठेवील. काढून टाकणं हे लिहिण्याइतकंच मोलाचं काम आहे, हे स्वयंसेवकांनी पहिल्या दिवसापासून मान्य करायला हवं. ज्याचा परिच्छेद काढला जाईल त्याला वाईट वाटणार, आणि तरीही तो काढावा लागेल.

क्लास चालवणाऱ्यांचा आक्षेप मला गंभीर वाटतो. यावर आमचं घर चालतं आणि तुम्ही तेच फुकट वाटणार, असं कोणी म्हटलं तर त्याला टोलवून लावू नये. बुद्धिबळ शिकवणाऱ्या बऱ्याच जणांना महिन्याचा ठरलेला पगार नाही. अगदी पायाभूत धडे देऊन चालणाऱ्या काही वर्गांना या पुस्तकाची थोडी झळ बसेलही. पण सुरगाण्याचं मूल त्यांचं गिऱ्हाईक कधीच नव्हतं आणि होणारही नव्हतं. घोडा अडीच घरं चालतो हे सांगण्यात चांगल्या कोचचं कसब लागतच नाही. ते लागतं मुलाने खेळलेला डाव समोर मांडून तू इथे काय विचार केलास असं विचारताना, आणि ते कोणत्याही पुस्तकाला जमत नाही. ज्या तालुक्यांत आज कोणी खेळत नाही तिथे शंभर मुलं खेळू लागली तर त्यातली काही पुढच्या शिक्षणासाठी कोचकडेच येणार. शिवाय कोच या पुस्तकाचा वापर स्वतःच्या वर्गात करू शकतात, छापून मुलांना देऊ शकतात, आणि त्यासाठी त्यांना कोणाला पैसे द्यावे लागणार नाहीत.

मुलं आता वाचत नाहीत, व्हिडिओ पाहतात, हे खरं आहे. २०२० च्या टाळेबंदीत विदितने विनोदी कलाकारांबरोबर केलेल्या थेट प्रक्षेपणांनी असंख्य मुलं या खेळाकडे वळली. त्याचं श्रेय कोणी नाकारू नये. पण व्हिडिओ झेरॉक्स काढून वाटता येत नाही, त्यातली चूक दुसऱ्याला दुरुस्त करता येत नाही, आणि मोबाईलला रेंज मिळण्यासाठी टेकडीवर जावं लागतं तिथे तो उघडतही नाही. पान छापता येतं. गुरुजी तालुक्याला मीटिंगला आले की वीस पानं झेरॉक्स करून नेऊ शकतात.

शासनाने करावं, हाही एक मार्ग आहे. आर्मेनियाने २०११ पासून प्राथमिक शाळेत बुद्धिबळ सक्तीचा विषय केला आहे. आपल्याकडे तसं झालं तर आनंदच आहे, आणि तेव्हा हे पुस्तक तयार असलं तर शासनाचंही काम सोपं होईल.

एका बाबतीत मात्र कडक राहावं लागेल. डावातल्या खेळ्या कोणाच्या मालकीच्या नसतात. २०१६ मध्ये कार्लसन आणि कर्याकिन यांच्या जगज्जेतेपदाच्या लढतीच्या वेळी आयोजकांनी खेळ्या प्रसिद्ध करण्यावर मनाई मागितली, तेव्हा न्यूयॉर्कच्या न्यायालयाने ती दिली नाही. पण त्या खेळ्यांवर कोणी लिहिलेलं भाष्य त्या लेखकाचं असतं. आवडत्या पुस्तकाच्या पानाचा फोटो काढून त्यातला मजकूर टाइप करून चिकटवणं हे उत्साहात सहज घडतं, आणि एका अशा पानामुळे सगळ्या कामाची विश्वासार्हता जाते. उदाहरणांची टंचाई तर मुळीच नाही. लिचेसने आपले सगळे रेटेड डाव आणि कोडी कोणताही हक्क न ठेवता खुली केली आहेत. त्याहून चांगलं म्हणजे आपल्याच जिल्ह्यातल्या शालेय स्पर्धांच्या स्कोअरशीट, म्हणजे खेळ्यांच्या नोंदीचे कागद. मुलांच्या आणि त्यांच्या आईवडिलांच्या परवानगीने, नावं न देता त्या वापरल्या तर पुस्तकातल्या चुका खऱ्या नवशिक्यांच्या असतील. मास्टरांच्या डावात त्या चुका सापडत नाहीत.

परवानाही नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढे भांडण तिथे होतं. विकिबुक्सच्या परवान्यात मजकूर कोणीही छापू शकतो, विकूही शकतो. अट एवढीच की लिहिणाऱ्यांचं श्रेय द्यायचं आणि त्यात बदल करून जे तयार होईल तेही तितकंच खुलं ठेवायचं. उद्या एखाद्या दुकानदाराने हे छापून चाळीस रुपयांना विकलं तर काही स्वयंसेवकांना राग येईल. मला येणार नाही. त्याने छापलं म्हणजे ते एका जास्तीच्या घरात गेलं, आणि मूळ पान सगळ्यांसाठी मोफत राहिलंच.

हे काम नाशिकला परकं नाही. इथलं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं आहे. गावाने वर्गणी काढून पुस्तकं सगळ्यांसाठी ठेवायची ही रीत इथे पावणेदोनशे वर्षांहून जुनी आहे. १९८९ मध्ये स्थापन झालेलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ इथेच आहे, आणि शिक्षक समोर नसताना वाचून शिकता येईल असं मराठी कसं लिहायचं हे जाणणारी माणसं त्याच्यामुळे या शहरात राहतात. निवृत्त शिक्षक आहेत. अभियांत्रिकी महाविद्यालयांत पटाच्या आकृत्या तासाभरात तयार करणारी मुलं आहेत. नोंदी इंग्रजी अक्षरांत करायच्या की मराठी, यावर ही मंडळी एकत्र आल्याबरोबर वाद होणार. फिडेच्या नियमांनुसार स्कोअरशीटवर आपल्या भाषेतली अक्षरं वापरायला मुभा आहे आणि छापील मजकुरात मोहऱ्यांची चिन्हं वापरावीत अशी शिफारस आहे. पुस्तकात चिन्हं वापरावीत आणि पुढे जावं.

पहिल्या टप्प्यात पाच प्रकरणं पुरेत: घरचे आणि स्पर्धेचे नियम, एका खेळीतली मात, वजीर किंवा हत्तीच्या जोरावर एकट्या राजाला मात, राजा आणि प्याद्याचे शेवट, आणि फुकट मोहरं न देणं. प्रत्येक पान इंजिनवर तपासावं, मग ते कधीही न खेळलेल्या मुलाच्या हाती एकटं द्यावं आणि तो जिथे अडेल तिथे पुन्हा लिहावं. ही पाच प्रकरणं पुरी होईपर्यंत ओपनिंगचं एकही पान उघडू नये. ज्याला आपल्या आवडत्या ओपनिंगवर लिहायचं आहे त्याचं स्वागत करावं, आणि त्याच्याकडून आधी राजा-प्याद्याच्या शेवटाचं एक पान लिहून घ्यावं.